रांधणारीचा पहिला घास

गोदामात पुस्तकं किलोवर मोजतात.

मे महिन्यात खाडीचं पाणी जास्त खारट होतं.

फ्रान्सच्या दक्षिणेला उन्हाळ्यात दुपारी दुकानं बंद करून लोक जेवायला घरी जातात. जेवण लवकर संपवणं तिथे चांगलं समजत नाहीत.

खोबरं जास्त भाजलं तर रस्सा कडू होतो. कमी भाजलं तर कुणाच्या लक्षात येत नाही.

मालाखाली घालायची लाकडी पॅलेटं एकावर एक रचली की टेबल होतं.

राहनाळच्या मुलाशी सुपारी फुटली. तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली.

अन्न नेमकं कुठे अडतं हे बोटाने दाखवता येतं. मंगळसूत्राच्या वाट्या टेकतात, तिथे.

या सगळ्या गोष्टी एकाच घरातल्या. वळ गाव, भिवंडी तालुका, २००६ चा उन्हाळा.

*

घर केसरीनाथचं. त्याच्या भातशेतीवर आता गोदामं उभी आहेत आणि तो भाड्यावर बसून खातो, असं तो स्वतःच सांगतो. त्यातल्या एका गोदामात परदेशात न खपलेली पुस्तकं येतात, कंटेनर भरून. मुलगा भाविक तिथलं काम बघतो. भिजून फुगलेली, कव्हर गेलेली पुस्तकं रद्दीत निघतात. त्यातलं एखादं तो बायकोसाठी घरी आणतो.

बायको करिष्मा, कल्याणची, बी.ए. झालेली. भाविकला पुस्तकातलं काही कळत नाही. तो फक्त जाडी बघून आणतो. जाड आणलं की ती चार दिवस खुशीत असते.

भाविकची धाकटी बहीण, तिचं नाव पूर्वी. लग्न तिचं.

आणि आक्का. केसरीनाथची बायको, या दोघांची आई. दीर-नणंदा आक्का म्हणायच्या म्हणून मुलंही आक्का म्हणाली, मग सूनही.

आक्काला गिळता येत नव्हतं. आधी भाकरी जाईना, मग भात, मग कुस्करलेला भात. हे घरात कुणालाही माहीत नव्हतं.

*

माहीत नव्हतं ते असं.

या घरात आधी पुरुष जेवतात. मग लेक आणि सून. जिने रांधलं ती सगळ्यांना वाढते आणि शेवटी, मागच्या पडवीत, पाटही न घेता जमिनीवर बसून जेवते. सोबतीला मांजर. तेव्हा तिकडे कुणी जात नाही. जाऊ नये असा काही नियम नाही, पण जायचं कारणही नसतं. आक्काची सासू तशीच जेवली, तिची सासूही.

पातेली घासायला पडली की आक्का जेवली असं घर समजतं.

शिवाय तिने उपवास वाढवले होते.

"आज कसला?" पूर्वी विचारायची.

"मंगलवारचा."

"काल?"

"सोमवार व्हता काल."

"परवा?"

"परवा एकादस."

"आक्का, देव पण दमला असेल तुझ्यासोबत उपाशी राहून."

"तू तुजं जेव. नवऱ्याच्या घरी जाशील काडीसारखी, मना बोल लागंल."

काडीसारखी आक्का झाली होती. लग्नासाठी शिवलेला पोलका दोन्ही बाजूंनी आत घ्यावा लागला. टेलर म्हणाला, माप चुकलं असेल. आक्का म्हणाली, "व्हय, तुजंच चुकलं."

*

तिला काय हवं होतं ते साधं होतं. लेकीचं, पूर्वीचं, लग्न तारखेला लागावं. त्यानंतर घरात काय ते सांगू, असं तिने ठरवलं होतं.

लग्न एकदा पुढे गेलं होतं. आदल्या वर्षी केसरीनाथचा थोरला भाऊ सावळाराम गेला आणि सुतकामुळे, मग वर्ष पाळायचं म्हणून, राहनाळच्या लोकांना थांबवावं लागलं. ते थांबले. दुसऱ्यांदा कोण थांबतं? नवरीची आई दवाखान्यात आहे म्हटल्यावर मांडव कोण घालतं? आक्काला या प्रश्नांची उत्तरं ठाऊक होती, म्हणजे तिला तसं वाटत होतं. म्हणून ती पेज प्यायची, ताक प्यायची, कैरीचं पन्हं प्यायची, आणि दिवस ढकलायची.

*

मार्चमध्ये भाविकने एक पुस्तक आणलं. इंग्रजी. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, म्हणून नावही नाही. कुणीतरी बाई समुद्राजवळच्या एका फ्रेंच गावात मावशीकडे उन्हाळे काढते आणि मावशी काय रांधते ते लिहिते. मध्येच कृती, मध्येच भांडणं, मध्येच नुसतं ऊन.

करिष्मा दुपारी ते घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. आक्का समोर मासे साफ करत असायची. करिष्मा एक ओळ मनात वाचायची आणि मराठीत बोलून दाखवायची. अडली तर अंदाजाने सांगायची. आक्काला ते पुस्तक करिष्माच्या तोंडचंच होतं.

"ही बाई म्हणते, वांगी, टोमॅटो, भोपळी मिरची, सगळं वेगवेगळं तळायचं. मग एकत्र."

"वेगलं कला? पुन्हा एकच करायचं ना?"

"म्हणजे प्रत्येकाची चव राहते."

"घरात सून, लेक, सासू असतात तशी," आक्का म्हणाली, आणि दोघी हसल्या.

"आता माशांचं सूप आहे. बारीक मासे, डोकी, कांदा, लसूण, टोमॅटो, बडीशेप. सगळं शिजवायचं, चेचायचं, आणि गाळून घ्यायचं. काटा नाही, चोथा नाही. अगदी मखमल, असं लिहिलंय."

आक्काचे हात थांबले.

"ते परत वाच."

"कुठलं? मखमल?"

"गालायचं. ते परत वाच."

*

"कशातून गालतात?"

"एक यंत्र असतं म्हणे. वर भोकं, हँडल फिरवायचं."

"पुरनयंत्र."

"आक्का, पुरणयंत्रातून मासे?"

"का? यंत्राला काय जात हाय?"

"होळीच्या पोळ्यांना वास येईल."

"पुढच्या होलीला नवीन घ्या."

*

एप्रिलभर त्या घरात गाळणं चाललं. खाडीच्या बोईट माशांचं सूप झालं. काकडीचं गार सूप झालं, माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेलं. दुधीचं झालं. जळक्या साखरेवर उलटं केलेलं अंड्या-दुधाचं गोड झालं, ते पहिल्यांदा फुटलं, दुसऱ्यांदा थरथरत उभं राहिलं. करिष्माला या घरात येऊन चार वर्षं झाली होती आणि इतकी सोबत तिला आधी मिळाली नव्हती. वाचलेलं कुणाला तरी हवं आहे, हे तिला माहेरीही कधी वाटलं नव्हतं. सासू संध्याकाळी विचारायची, "आज काय वाचलंस?" आणि करिष्मा शोधून शोधून तेच वाचायची जे आक्काला आवडतं. आक्काला काय आवडतं ते तिला कळलं होतं. पातळ, मऊ, गाळलेलं.

का आवडतं हा प्रश्न तिला पडला नाही. आवडीला कारण विचारत नाहीत.

केसरीनाथला मात्र ताटात वाटी दिसली की राग यायचा.

"ह्ये काय? पानी?"

"फ्रान्सचं सूप आहे बाबा," करिष्मा म्हणायची.

"मंग प्यायला व्हिजा लागंल. बोंबील दे मना."

पण वाटी तो चाटून ठेवायचा. भाविक ते बघून पूर्वीला डोळा मारायचा.

*

पुस्तकातलं एक पान, करिष्माच्या तोंडून:

जुलै. दुपार. मावशीने अंगणात झाडाखाली टेबल मांडलं आहे, त्यावर जुनी चादर. पाव ताटलीत नाही, चादरीवरच. पदार्थ एकामागून एक येतात, एक संपल्यावर दुसरा. आरडाओरडा आहे, राजकारण आहे, कुणीतरी रुसलं आहे. पण पदार्थ आला की सगळे गप्प होतात आणि मावशीकडे बघतात. जिने रांधलं ती मधोमध बसलेली असते. तिने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी चमचा उचलत नाही. मावशीचा नवरासुद्धा नाही, आणि तो तर गावचा सरपंच आहे.

ऐकून पूर्वी म्हणाली, "लग्नाआधी एकदा असं जेवू या ना. सगळे. पाहुणे यायच्या आत."

"येडी का काय," आक्का म्हणाली.

"नंतर मी राहनाळला वाढतच बसणार आहे. एकदा तरी तुझ्यासोबत बसू दे."

आक्का मान खाली घालून लसूण सोलत राहिली. लेकीने लग्नाआधी मागितलेलं नाही म्हणता येत नाही.

*

हळदीच्या दोन आठवडे आधीचा रविवार. गोदामाची भिंत आणि घर यांच्यामध्ये एक जांभूळ आहे, जमीन गोदामाला देताना केसरीनाथने तेवढं राखलं. त्याखाली भाविकने पॅलेटं रचली, वर प्लायवूड टाकलं. पूर्वीने चादर आणली. पाच प्लास्टिकच्या खुर्च्या. जेवण व्हायच्या आधीच चादरीवर जांभळांचे डाग पडले.

केसरीनाथ आला, खुर्चीवर बसला, आणि समोर रिकामी ताटली बघून म्हणाला, "वाढा."

"आज असं नाही बाबा," करिष्मा म्हणाली. "आज आधी आक्का खाणार. मग आपण."

"आनी तिने खाल्लं न्हाय तर?"

"तर कुणीच नाही."

"बराच हाय तुमचा फ्रान्स," केसरीनाथ म्हणाला, पण हात मांडीवर ठेवून बसला.

सूप आलं. बोईटांचं, पुरणयंत्रातून काढलेलं. आक्का मधल्या खुर्चीवर टेकली होती, पूर्ण बसली नव्हती. चार माणसं चमचे धरून तिच्याकडे बघत होती. तिने चमचा भरला, प्यायली, थांबली. गेलं.

"खा," ती म्हणाली.

केसरीनाथने भुरका मारला. पूर्वीने टाळ्या वाजवल्या. वर कावळे जांभळं पाडत होते. भाविक म्हणाला, रविवारी गोदाम बंद असतं म्हणून बरं, नाहीतर हमाल म्हणाले असते शेटच्या घरी हॉटेल निघालं. आक्काने वाटी संपवली. करिष्माने ते पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की तिने दुसरीकडे पाहिलं.

मग आक्का उठली.

"बसा, मी आणते पुढचं," करिष्मा म्हणाली.

"तुना न्हाय सापडायचं."

ती आत गेली, वांग्यांचं घेऊन आली, सगळ्यांना वाढलं, मीठ आणायला आत गेली, पाणी आणायला आत गेली, पुन्हा वाढलं. ती परत टेकली तेव्हा चारही ताटल्या रिकाम्या होत्या. एकामागून एक पदार्थ आणायचे म्हणजे वाढणारीला दुप्पट उठावं लागतं, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

करिष्माच्या ते लक्षात आलं. नियम मोडला होता आणि आक्काच्या ताटलीत वांग्याची एक फोडही पडली नव्हती. तिला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातून तिने ठरवलं की हे आपणच नीट करायचं.

ती आत गेली. जिताडा माशाच्या रश्श्याचं पातेलं उचलून तिने टेबलाच्या मधोमध ठेवलं. वाढायला डाव ठेवला. पाण्याची कळशी ठेवली, मीठ, लसणाची चटणी, गोडाचं भांडं ठेवलं. भिवंडीच्या बेकरीतले कडक पाव चादरीवर मांडले. मग आक्काच्या खांद्यावर हात ठेवून तिला खुर्चीत बसवलं.

"आता आत काहीच नाही," ती म्हणाली.

*

आक्काने पाव मोडला. सगळ्यात लहान तुकडा घेतला. रश्श्यात बुडवला, धरून ठेवला, अजून धरून ठेवला.

"विरघळेल तो," भाविक म्हणाला.

तिने जिताड्याचा नखाएवढा तुकडा त्यावर ठेवला आणि तोंडात घातला.

कुणी चमचा उचलला नाही. नियम होता.

ती चावत होती. केसरीनाथ तिच्याकडे बघत होता, कारण सगळ्यांनी बघायचं होतं. तिला जेवताना तो पहिल्यांदाच बघत होता. लग्नाच्या दिवशी एकमेकांना घास भरवले असतील, ते त्याला आठवत नव्हतं. ती डाव्या बाजूने चावते हे त्याला आता कळलं. चावताना ती डोळे मिटते. घास एका गालातून दुसऱ्या गालात नेते, पुन्हा आणते. मान जरा पुढे काढते. त्याला वाटलं, ही अशीच जेवत असेल. ताडून बघायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"आक्का," पूर्वी म्हणाली. "गिळ की. भूक लागलीय."

आक्काने गिळलं. हात आपोआप गळ्याशी गेला, मंगळसूत्राच्या वाट्यांवर. तिने पाण्याचा पेला घेतला, एक घोट प्यायली. पाणी तसंच परत आलं, हनुवटीवरून ओघळलं, पोलक्यावर गेलं. डोळ्यांत पाणी आलं. ती पदर तोंडाला लावून उठली, आणि या वेळी तिने काही आणायचं आहे असं सांगितलं नाही.

*

केसरीनाथ मागच्या पडवीत आला. तिथे वाकून यावं लागतं हे तो विसरला होता, डोकं आपटलं.

आक्का मोरीशी बसली होती. तिच्या पुढ्यात तो चावलेला घास होता, रश्श्याने लाल झालेला, सगळाच्या सगळा.

"कवापासून?"

तिने पदराने हनुवटी पुसली.

"अगं, कवापासून?"

"पूर्वी जाऊंदे. मंग सांगते."

"मना आत्ता सांग."

"भाकरी थंडीपासून," ती म्हणाली. "भात होलीपासून."

केसरीनाथ खाली बसला. मांजर येऊन त्याच्या पायाला अंग घासू लागली. त्याने ती ढकलली नाही. मग जे सुचलं ते त्याने विचारलं.

"आनी ते सूप? ते जातं?"

"ते जातं."

"मी त्याला पानी बोललो."

"बोललाव. पन वाटी चाटलीव."

*

दोघं परत आले तेव्हा टेबलावर कुणी हललं नव्हतं. रश्श्यावर तेलाचा तवंग धरला होता. करिष्माचा हात अजून डावावर होता. तिचा चेहरा असा होता की भाविकने तिच्या पाठीवर हात ठेवला होता, वडिलांसमोर, जे तो कधी करत नाही.

"उद्या परळला दवाखान्यात जायचं हाय," केसरीनाथ म्हणाला. "हिला घेऊन. राहनाळला मी संध्याकाळी जाऊन येतो."

पूर्वीने चमचा खाली ठेवला. "मला नाही जेवायचं."

आक्का आपल्या खुर्चीवर बसली. या वेळी पूर्ण बसली, पाठ टेकून.

"पहिला घास मी घेतला," ती म्हणाली. "आता खा."

करिष्माने डाव सोडला.

"करिष्मा, तुज्या पुस्तकात काय लिवलंय? घेतल्यावर काय करतात?"

"खातात," करिष्मा म्हणाली.

"मंग खा. जिताडा हाय. गार झाला तर वास मारंल."

केसरीनाथने पाव उचलला. मग भाविकने. पूर्वी रडत रडत जेवली, नाक पुसत, आणि तिला दोनदा वाढून घ्यावं लागलं कारण आक्का बघत होती. गोड शेवटी वाढलं. त्यातले आक्काने चार चमचे खाल्ले, सगळ्यांच्या देखत, सावकाश. ते गेलं.

*

त्याच संध्याकाळी केसरीनाथ राहनाळला गेला तेव्हा मुलाचा बाप, दामू, अंगणात खाटेवर बसला होता. केसरीनाथने सगळं सांगितलं आणि तारीख पुढे ढकलायची का ते विचारलं.

"पुढं कला ढकलायची?" दामू म्हणाला. "अलीकडं घेऊ. भटाला सांगतो. मांडव काय, एका दिवसात पडतो."

इतकंच. ज्या गोष्टीसाठी आक्का इतके महिने गप्प राहिली, ती गोष्ट एवढ्यात झाली.

लग्न त्याच आठवड्यात लागलं. जांभळाखाली, पॅलेटं तशीच ठेवून. आक्काने आत घेतलेला पोलका घातला होता. लेकीच्या हाताला हळद तिने लावली. पंगतीत ती मधोमध बसली, वाटीत करिष्माने गाळलेलं काहीतरी होतं, आणि केसरीनाथ बाजूला बसून राहिला, तिने वाटी तोंडाला लावेपर्यंत. पंगतीतल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

परळचे डॉक्टर म्हणाले, गाठ अन्ननलिकेत आहे, उशीर झालाय. मग कागदावरून नजर काढून त्यांनी विचारलं, यांचं जेवण कमी होतंय हे घरात कुणाच्या नजरेला आलं नाही का? केसरीनाथने भाविककडे पाहिलं, भाविकने करिष्माकडे.

पुढे घशातून काहीच जाईना, पोटात नळी घातली. तरी आक्का म्हणायची, वाच. करिष्मा खाटेशी स्टूल ओढून वाचायची. ऑगस्टचं प्रकरण होतं, मावशी टोमॅटो उन्हात वाळवते. करिष्माने आता सूपही वगळायला सुरुवात केली होती, चावायचं तर ती कधीपासूनच वगळत होती. आक्काने ते पकडलं.

"मधलं पान खाल्लंस."

"नाही."

"खाल्लंस. चावायचं पन वाच. समदं वाच. मना आता कोनचंबी जातंय."

करिष्माने मग सगळं वाचलं. कडक पाव, भाजलेलं मटण, हाडं चोखणं, चीजचे तुकडे, अक्रोड फोडणं. आक्का डोळे मिटून ऐकायची. मान जरा पुढे काढायची.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात ती गेली. पुस्तकाची शेवटची पानं नव्हतीच, त्यामुळे ते कुठे संपतं ते दोघींनाही कळलं नाही.

मागच्या पडवीतली मांजर आदल्या डिसेंबरातच, आक्काच्या वाट्याच्या भाकरीवर, जाड व्हायला लागली होती.